बूट कुणाचे?

"यात एक भोक दाखवा, चाचा. एक जरी सापडलं, तरी सगळी फाइल इथंच फाडून टाकतो."

रणजित सावर्डेकरांनी निळी फाइल फळीवर अशी काही ठेवली, की फळीवरचे पत्र्याचे बिल्ले खुळखुळले.

चाचांनी आधी बिल्ले सारखे केले. मग फाइलकडं पाहिलं. हात काही लावला नाही.

बाबालाल शिकलगार, बॉम्बशोधक पथकातले निवृत्त हवालदार. छत्तीस वर्षं नोकरी, डाव्या हाताची दोन बोटं त्या नोकरीतच गेली. त्यांचं नाव निघालं की पथकातली आजची पोरंसुद्धा कानाच्या पाळीला हात लावतात. आणि हा माणूस आता पीराच्या माळावरच्या दर्ग्याबाहेर, कडुलिंबाखाली, लोकांच्या चपला सांभाळत बसलेला! सावर्डेकरांना ते बघून खरं तर वाईट वाटलं होतं. एवढा वस्ताद, आणि नशिबी काय, तर वहाणा.

"पायतण द्या की इकडं," चाचा म्हणाले. "बिल्ला देतो."

"राहू द्या हो. दोन मिनिटांचं काम आहे. कोण नेतंय?"

सावर्डेकरांनी बूट काढून ओट्याच्या कडेला भिंतीशी ठेवले. काळे, लष्करी बूट. फौजेतल्या शेवटच्या पोस्टिंगला मिळालेले. रोज सकाळी स्वतःच्या हातानं पॉलिश करायचे, बायकोलासुद्धा हात लावू द्यायचे नाहीत. चेहरा दिसावा असे चकचकीत.

"बरं," म्हणाले चाचा. "बोला."

सावर्डेकर बोलायला लागले.

ते एका मोठ्या खाजगी इस्पितळाचे सुरक्षाप्रमुख. तीन महिन्यांपूर्वी, मंगळवारी सकाळी अकरा वीसला, इस्पितळात फोन आला होता. बॉम्ब ठेवलाय म्हणून. पुढच्या चौदा मिनिटांत बाह्यरुग्ण विभागाची अख्खी इमारत रिकामी झाली. तीनशे बारा माणसं बाहेर पडली. चेंगराचेंगरी नाही, धावाधाव नाही, कुणाला ओरखडासुद्धा नाही. शेवटी फोन खोटा निघाला, कुणा दारुड्याचा उद्योग. पण वर्तमानपत्रांत सावर्डेकरांचा फोटो आला. शाल आली, नारळ आला. आणि आता येत्या सोमवारी चौदा इस्पितळांचे सुरक्षारक्षक एका सभागृहात बसणार होते आणि सावर्डेकर त्यांना हाच आराखडा शिकवणार होते. छापून वाटणार होते. त्यावर सुरुवातीला चाचांच्या दोन ओळी असाव्यात, एवढीच इच्छा.

एवढीच, असं ते म्हणाले. माणूस मनातली खरी गोष्ट पहिल्या दमात कुठं सांगतो?

"वाचून दाखवू?"

"दाखवा."

सावर्डेकरांचा आवाज खणखणीत, परेडचा. "प्रकरण पहिलं. धमकीचा फोन आल्यास. फोन ठेवू नये. समोरच्याला बोलतं ठेवावं. विचारायचे प्रश्न. बॉम्ब कुठं आहे? कधी फुटणार? दिसायला कसा आहे? कुणी ठेवला? का ठेवला? आवाज कसा होता, बोली कुठली होती, मागं कसले आवाज येत होते… एकंदर बत्तीस प्रश्न, चाचा. ऑपरेटर मुलीला मी झोपेतून उठवून विचारलं तरी बत्तीसच्या बत्तीस म्हणून दाखवते."

"चांगलं हाय," चाचा म्हणाले. आणि खरंच मनापासून म्हणाले. मग मान वळवून पलीकडच्या फुलवालीला त्यांनी विचारलं, "हे बूट कुणाचे गं, रुक्साना?"

"मला काय म्हाईत!" ती गजरा ओवत म्हणाली.

सावर्डेकर थांबले नाहीत. चपलांच्या धंद्यात असं चालायचंच. "प्रकरण दुसरं. इमारत रिकामी करणे. मजल्यागणिक एक जबाबदार माणूस. लिफ्ट बंद. चाकाच्या खुर्च्या आधी…"

एक नवराबायको दर्शन करून आले. चाचांनी बिल्ला घेतला, न बघता हात घातला आणि त्यांच्याच चपला काढून समोर ठेवल्या. मग त्या नवऱ्याला विचारलं, "हे बूट तुमचे का?"

"न्हाई बा."

"…माणसं जमायची जागा इमारतीपासून दोनशे मीटर लांब. दोरी बांधायची. दोरीच्या आत एकही माणूस नाही. एकही म्हणजे एकही. प्रकरण तिसरं…"

"ओ! बूट कुणाचे हाईत हे?" आता चाचांनी चांगला आवाज चढवून, अख्ख्या अंगणाला विचारलं.

कबुतरं उडाली. पण सावर्डेकरांचं बोट ओळीवर होतं, आणि ओळ महत्त्वाची होती. त्यांनी चाचांच्या वर आवाज काढला. "प्रकरण तिसरं! बेवारस वस्तू आढळल्यास! हात लावू नये, हलवू नये, मोबाइल वापरू नये, तात्काळ…"

चाचा उठले. गुडघ्यावर हात टेकून, सावकाश. फरशी धुवायची पाइप नळाला लावलेलीच होती. ती त्यांनी उचलली, नळ पुरता सोडला, बोटानं पाइपचं तोंड दाबलं आणि पाण्याची धार थेट त्या बुटांवर धरली.

धारेनं एक बूट उलटा झाला. दुसरा घसरत गटारीच्या तोंडाशी गेला.

"अहो! अहो, काय करताय काय! माझे आहेत ते!"

चाचांनी नळ बंद केला.

"व्हय?" ते म्हणाले. "मग बोलायचं न्हाई होय?"

"अहो, तुम्हाला ठाऊक होतं! तुमच्यासमोर काढले मी!"

"मला ठाऊक होतं," चाचा शांतपणे म्हणाले. "तीनदा विचारलं."

"मी वाचत होतो…"

वाक्य तिथंच राहिलं. सावर्डेकरांच्या हातात फाइल तशीच उघडी होती. बुटांतून पाणी निथळत होतं. रुक्साना तोंडावर पदर धरून हसत होती. मग साहेबांचं तोंड बघून ती पुन्हा गजऱ्याकडं वळली.

चाचा परत आपल्या जागी येऊन बसले. पाइप गुंडाळून ठेवली. आता त्यांनी फाइल स्वतःहून ओढून घेतली, चष्मा लावला आणि तिसऱ्या प्रकरणाच्या पानावर बोट ठेवलं. दोन बोटं गेलेल्या त्या डाव्या हाताचं.

"त्या दिवशी वस्तू सापडली हुती. पेपरात वाचलं मी."

"हो. बाकड्याखाली. कापडी पिशवी."

"काय हुतं तिच्यात?"

"काही नाही. बॉम्ब नव्हता."

"बॉम्ब नव्हता ते कळलं. काय हुतं?"

सावर्डेकरांनी रुमालानं कपाळ पुसलं. उन्हाळा होता, पण सावली गार होती.

"टेपरेकॉर्डर," ते म्हणाले. "जुना. वायर गुंडाळलेली, सेल घातलेले. टॉर्चच्या उजेडात बघितलं तर… कुणालाही वाटलं असतं, चाचा. तुम्हालासुद्धा."

"मलासुद्धा वाटलं असतं."

"मग पथक आलं. बंदुकीतून सुटावा तशा पाण्याच्या माऱ्यानं उडवली पिशवी. नियमाप्रमाणं."

"पथकात कोण हुतं?"

"सब-इन्स्पेक्टर आळतेकर."

"माझा पोरगा तो," चाचा म्हणाले. पोटचा नव्हे, शिकवलेला. "माझं पोरगं आधी एक गोष्ट विचारतंय. उडवायच्या आधी. विचारली न्हाई त्यानं?"

सावर्डेकर रुमालाची घडी घालू लागले.

"साहेब…"

"विचारली."

"काय विचारलं?"

"कुणाची आहे, चौकशी केली का."

"आन् तुम्ही?"

तीन महिने हा प्रश्न कुणी विचारला नव्हता. शाल देणाऱ्यानं नाही, फोटो काढणाऱ्यानं नाही, चौकशी समितीनंसुद्धा नाही. सावर्डेकरांना वाटायचं, कुणी विचारलं तर बरं. आणि वाटायचं, देवा, कुणी विचारू नये.

"मी म्हणालो… बेवारस आहे."

चाचांनी चष्मा काढला.

"कुणाला विचारलं हुतं?"

"कुणालाच नाही." आणि मग बांध फुटावा तसं ते बोलत सुटले. आवाजातली परेड कुठल्या कुठं गेली. "एक म्हातारा होता, चाचा. तातोबा खोत. सगळं मला मागाहून नर्सकडून कळलं. साठ किलोमीटरवरून एसटीनं आलेला. त्याची बायको पलीकडच्या इमारतीत, अतिदक्षता विभागात. मेंदूत रक्तस्राव. आठ दिवस डोळे उघडलेले नाहीत. डॉक्टर म्हणाले होते, ओळखीचा आवाज कानावर पडू द्या, कधी कधी माणूस शुद्धीवर येतं. म्हाताऱ्यानं बोलून बघितलं. काही होईना. मग त्याला टेप आठवली. त्यांची एकुलती एक मुलगी… सुगंधा. अकरा वर्षांपूर्वी तापानं गेली. बारावी झाली तेव्हा तिला तो टेपरेकॉर्डर घेऊन दिलेला. नवीन आणल्या आणल्या तिनं पहाटे आईला उठवताना गंमत म्हणून बटण दाबलेलं. एवढंच आहे त्यात… एवढंच होतं. 'आये, ऊठ की. चहा निवला. आये, ऊठ की गं.'"

रुक्सानाच्या हातातली सुई थांबली होती.

"तेवढ्यासाठी म्हातारा गावाला जाऊन टेप घेऊन आला. भेटीचा पास काढायला बाह्यरुग्ण विभागातल्या रांगेत उभा राहिला. पिशवी बाकड्याखाली ठेवली. आणि मी त्याला बाहेर काढलं. चौदा मिनिटांत."

"मग?"

"दोरीपाशी आला. ओरडत होता. माझ्या हातात कर्णा होता. 'बेवारस वस्तूपासून लांब राहा, बेवारस वस्तूपासून लांब राहा.' मी सारखं तेच बोलत होतो. माझी माणसं त्याला मागं रेटत होती. माझाच हुकूम."

"त्याचं बोलणं ऐकू आलं न्हाई तुम्हाला."

चाचांनी हे अगदी सहज म्हटलं. जणू दार उघडून दिलं, साहेब, निघा इथून बाहेर. सावर्डेकर उठून त्या दारातून गेले असते तर कुणी अडवणार नव्हतं. तीन महिने ते स्वतःला हेच सांगत आले होते. कर्ण्याचा आवाज, गर्दीचा गोंगाट, ऐकू आलं नाही.

सावर्डेकरांनी रुमाल खिशात ठेवला.

"आवाज नाही आला," सावर्डेकर म्हणाले. "पण तोंड दिसत होतं. 'माझी हाय' म्हणत होता. स्वतःच्या छातीवर हात आपटून दाखवत होता. मला दिसलं, चाचा. मला कळलंसुद्धा. पण आराखड्यात ते कुठं नव्हतं. सगळं कसं घड्याळासारखं चाललं होतं. मी म्हटलं, आता कुठं याला आत घेऊन घोटाळा…"

"आत घ्यायचा न्हवताच. उद्या कुणीबी म्हणेल माझी हाय म्हणून. एवढ्यावर दोरी सोडायची नसती."

"मग काय करायचं होतं?"

"कर्णा खाली घ्यायचा. आन् ऐकायचं. पिशवीत काय हाय, रंग कुठला, वायर किती, कुठनं आणली, कशापायी आणली. मिनिटभर. फोनवरच्या त्या बेवड्याला बत्तीस प्रश्न हुते, साहेब. ह्याला एक न्हाई?"

सावर्डेकरांनी मान खाली घातली. फाइलमध्ये छप्पन्न पानं होती. हे भोक त्यातल्या कुठल्याच पानावर नव्हतं. सगळ्या पानांतून आरपार गेलं होतं.

"बाई?" चाचांनी विचारलं.

"चौथ्या दिवशी गेली. डॉक्टर म्हणाले, तशीही गेली असती. टेपनं काही फरक पडला नसता."

"नसेलही पडला."

"पण त्यानं लावून बघितली असती…" सावर्डेकरांचा आवाज फुटला. पन्नाशी उलटलेला, ताठ पाठीचा गडी, पण दर्ग्याच्या ओट्यावर बसून लहान पोरासारखा नाक ओढायला लागला. "निदान त्याला तरी ऐकता आली असती. दुसरी प्रत नव्हती हो. आता त्या पोरीचा आवाज कुठंच नाही."

एक म्हातारी काठी टेकत आली. तिचा बिल्ला तिलाच सापडेना. चाचांनी तो न मागताच तिच्या वहाणा काढल्या, तिच्या पायांपाशी सरळ करून ठेवल्या, आणि ती दिसेनाशी होईपर्यंत तिकडं बघत राहिले.

"छत्तीस वर्षांत," मग ते म्हणाले, "एकशे नऊ जिनसा उडवल्या मी. त्यातले बॉम्ब तीन."

"तुमचं रेकॉर्ड…"

"तीनाचं पदक मिळालं. बाकीच्या एकशे सहा कुणाच्या हुत्या, ते ठाऊक न्हाई. कुणाचा डबा हुता, कुणाची कापडं. एकीत लहान लेकराची टोपडी हुती, नवी कोरी. उडाली, तारेवर जाऊन अडकली. कुणी न्यायला आलं न्हाई. कशाला येतंय? मीच भोंग्यावर वरडत हुतो, बेवारस म्हणून." त्यांनी समोरच्या चपलांच्या रांगांवरून हात फिरवला. "हितं बसल्यापास्नं एक जोड चुकली न्हाई. ज्याचं त्याला देतो. बरं वाटतंय."

सावर्डेकरांना आता त्या वहाणांचं वाईट वाटेना. वाटलं असेल तर स्वतःचंच.

त्यांनी खांद्याची बॅग पुढं घेतली. आतून प्लॅस्टिकची एक पिशवी काढली, तोंड दोऱ्यानं बांधलेली. आत फुटका काळा डबा होता, दोन सेल होते, आणि तपकिरी फितीचा ओला होऊन वाळलेला गुंता. तपास संपल्यावर पोलिसांनी परत दिलेला. वर पांढरं लेबल, त्यावर सावर्डेकरांचंच टपोरं अक्षर. 'बेवारस वस्तू क्र. १.'

दोन महिने ती त्यांच्या कपाटात खालच्या कप्प्यात होती. आज बॅगेत का घातली, ते त्यांनाही नीट सांगता आलं नसतं.

"तो येतो अजून," ते म्हणाले. "दर मंगळवारी. फाटकाबाहेर बसतो. कुणाला काही विचारत नाही, मागत नाही. त्या इमारतीकडं बघत बसतो आणि चारच्या एसटीनं जातो. मंगळवारी मी मागच्या दारानं आत जातो, चाचा. मी. सुरक्षाप्रमुख."

"घरी कोण हाय त्याच्या?"

"कुणी नाही. मुलगी गेली, बायको गेली. भावकी नाही. कुणीच नाही."

चाचांनी पिशवी हातात घेतली. उन्हाकडं धरून पाहिली. मग डाव्या हाताच्या उरलेल्या एका बोटाच्या नखानं लेबलाची कड हळूच वर उचलली, पुन्हा दाबली.

"लेबल तुम्ही बरोबरच लिहिलंय," ते म्हणाले. "चुकीच्या जागी चिकटलंय एवढंच."

सावर्डेकरांनी लेबलाकडं पाहिलं. फाटकाबाहेरचा म्हातारा डोळ्यांसमोर आला. मांडीवर रिकामे हात ठेवून बसलेला. अशा माणसाला आपल्या भाषेत काय म्हणतात, तो शब्द त्यांना चांगला ठाऊक होता. कर्ण्यावरून शंभरदा म्हणून झाला होता.

"ही तुमच्याकडं ठेवता?" कसंबसं ते म्हणाले. "मला बघवत नाही."

"तुमची हाय का?"

"नाही…"

"मग माझीबी न्हाई. हितं ज्याची त्यानंच न्यायची असती." पिशवी चाचांनी परत त्यांच्या मांडीवर ठेवली. "गाव ठाऊक हाय?"

"पत्ता आहे. बायकोच्या केसपेपरवर."

"मंगळवारची वाट बघू नगा."

"जाऊन काय म्हणू मी त्याला, चाचा? माफ करा म्हणू? फुटकी टेप हातात देऊ आणि…"

"तुम्ही काय बी म्हणू नगा." चाचांचा आवाज पहिल्यांदाच जरा कडक झाला. "लई बोललासा. विचारा. ती कशी हुती, काय म्हणत हुती टेपेत, कशी हाक मारत हुती. म्हातारा सांगंल. ऐका. दिवस मावळंस्तोवर ऐका."

सावर्डेकर उठले. निळी फाइल त्यांनी उचलली, दोन्ही हातांत धरली. फाडतात की काय असं वाटलं, पण नाही. त्यांनी खिशातून पेन काढलं, प्रकरण तिसरं उघडलं आणि 'बेवारस वस्तू' या मथळ्यातला पहिला शब्द खोडला. त्याच्या जागी काय लिहावं ते सुचेना. पेन तसंच हवेत राहिलं. शेवटी त्यांनी तिथं एक प्रश्नचिन्ह काढलं आणि फाइल मिटली. सोमवारला अजून चार दिवस होते.

मग त्यांना पायांची आठवण झाली. एक बूट ओट्यावर उलटा पडला होता, दुसरा गटारीच्या तोंडाशी, दोन्ही थबथबलेले. त्यात पाय घालायची सोय नव्हती. पायऱ्या उन्हानं तापल्या होत्या.

चाचांनी बूट उचलले. आतलं पाणी ओतून टाकलं, जीभ बाहेर ओढली आणि दोन्ही बूट जोडीनं, टाचेला टाच लावून, आपल्या रांगेत ठेवले. एक बिल्ला सावर्डेकरांच्या हातात दिला. सत्तेचाळीस नंबर.

सावर्डेकर अनवाणीच निघाले. एका हातात फाइल, दुसऱ्यात ती प्लॅस्टिकची पिशवी, छातीशी धरलेली, कुणाचं तरी तान्हं पोर न्यावं तशी. पहिल्याच पायरीला पाय पोळला. त्यांनी वळून बुटांकडं पाहिलं. फौजेतली सव्वीस वर्षांची सवय, दुसरं काय.

"जावा," चाचा म्हणाले. "बुटांची काळजी नगा करू, साहेब. त्यांचा वारस सापडलाय."